जॅक मोजावा सेंटिमीटरने

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन इथे 1981पासून शेव्हरोले कॉर्व्हेट तयार होते. 1997 साली या गाडीची पाचवी पिढी आली आणि तिच्यातून स्टेपनी गायब झाली. हवा गेली तरी काही अंतर धावणारे टायर दिल्यावर स्टेपनी कशाला, आणि स्टेपनीच नाही तर जॅक तरी कशाला, असा कारखान्याचा हिशेब होता. प्रवासापुरता तो बरोबरच होता. पण तेल बदलायचे, ब्रेक पॅड घालायचे, चाके उतरवायची, तर गाडी उचलावीच लागते; आणि अशी कामे सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजात स्वतः करायची, ही तिथल्या गाडीवेड्यांची जुनी रीत आहे. त्यामुळे कॉर्व्हेटच्या मालकाला जॅक बाजारातून आणावा लागतो. जमिनीवर छोट्या चाकांनी सरकणारा, लांब दांड्याचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक घ्यायला तो दुकानात जातो, तेव्हा खोक्यावर सगळ्यांत ठळक दिसतो तो टनांचा आकडा. बहुतेकांची निवड त्या आकड्यावरच होते. बुटक्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मात्र तोच आकडा सगळ्यांत कमी कामाचा आहे.

वजन उचलण्याचा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला आहे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडले. त्या तत्त्वावर जोसेफ ब्रामाने 1795 साली इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने 1851 साली उचलून नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक पेटंट केला. आजच्या जॅकमध्येही तेच चालते. समजा, दांड्याने हलणारा छोटा दट्ट्या 1 सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि मोठा 4 सेंटिमीटरचा. दोघांच्या क्षेत्रफळांत सोळा पटींचा फरक पडतो. त्यात लांब दांड्याची वीसेक पट धरली, तर माणसाने लावलेला जोर तीनशे पटींच्या घरात जातो. यातला काही फायदा जॅकची भुजा परत खाते, कारण दट्ट्या तिला बिजागरीजवळ ढकलतो आणि भार पेलायचा असतो दूरच्या टोकाला. तरीही उरलेला जोर भरपूर असतो. त्याची किंमत एवढीच, की दांडा पुष्कळ वेळा हलवावा लागतो.

आता गाडीकडे पाहू. ही कॉर्व्हेट साधारण दीड टनाची आहे. तिचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे निम्मे वाटलेले असते, आणि घरी जॅकने एका वेळी एकच टोक किंवा एकच कोपरा उचलला जातो. म्हणजे जॅकवर येणारा भार फार तर साडेसातशे किलोंच्या आसपास असतो. अमेरिकन टन आपल्या टनापेक्षा लहान, 907 किलोंचा. त्या मापाने दीड टनी जॅकही 1,360 किलोंचा झाला. गरजेच्या दीडपटीहून अधिक क्षमता सगळ्यांत छोट्या जॅकमध्येच मिळते. मग तीन टनांसाठी जास्त पैसे मोजून नेमके काय पदरात पडते, हा प्रश्न विचारायला हवा.

खरी अडचण उंचीची आहे. साधा तीन टनी जॅक पूर्ण खाली केला तरी त्याची वाटी, म्हणजे भुजेच्या टोकाचा गाडीला टेकणारा भाग, जमिनीपासून 13 सेंटिमीटरच्या आसपास राहते. कॉर्व्हेटच्या नाकाखाली हवा इंजिनाकडे वळवणारी पट्टी लोंबते, ती याहून खाली असते. त्यामुळे जॅक आत शिरतच नाही. ‘लो प्रोफाइल’ म्हणून विकले जाणारे जॅक 9 ते 10 सेंटिमीटरपर्यंत खाली जातात आणि गिऱ्हाईक तिथे समाधान मानते. पण पुढचा आडवा सांगाडा उचलायचा, तर वाटी पुढच्या चाकांच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजे. वाटी जितकी आत जाईल, तितकाच जॅकचा मागचा भागही नाकाखाली जाणार, आणि बऱ्याच जॅकचे अंग वाटीच्या मागे उंच होत जाते. म्हणून किमान उंचीच्या जोडीने वाटीमागे किती लांबीपर्यंत जॅक बुटका आहे, हेही मोजावे लागते. दांडाही नाकाखाली अडकतो. पहिले झटके बोटभर अंतराचे बसतात आणि पंप करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

खाली जाणे आणि वर उचलणे या दोन गरजा एकमेकींच्या वैरी आहेत, आणि त्याला भूमिती कारण आहे. भुजा बिजागरीभोवती फिरते, म्हणून वाटी सरळ वर न जाता कमानीत जाते. 60 सेंटिमीटरची भुजा आडवी असताना सुरू होऊन 40 सेंटिमीटर वर गेली, तर वाटी 15 सेंटिमीटर मागे येते. तेवढे अंतर जॅकने चाकांवर सरकून भरून काढायचे असते. काँक्रीटवर तो सरकतो. गवतावर, खडीवर किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाके रुतली, तर वाटीच गाडीखालून निसटू लागते. भुजा आखूड केली तर उंची मिळत नाही, लांब केली तर जॅक लांबलचक आणि जड होतो. अ‍ॅल्युमिनियमचे दीड टनी रेसिंग जॅक 15 किलोंचे असतात, 9 सेंटिमीटरपर्यंत खालीही जातात, पण वर 36च्या आसपास थांबतात. गाडीखाली ठेवायचे नेहमीचे तीन टनी स्टँड, म्हणजे घोड्या, मुळातच 28 ते 30 सेंटिमीटर उंच असतात. म्हणजे असा जॅक घोडी सरकवण्यापुरताच उरतो, पाठीवर पडून काम करायला जागा राहत नाही. लांब भुजेचे लोखंडी लो प्रोफाइल जॅक 45 ते 50 सेंटिमीटरपर्यंत उचलतात. त्यांचे वजन मात्र 40 किलोंच्या घरात जाते.

वाटी कुठे टेकवायची, हाही मापाचाच भाग आहे. कॉर्व्हेटचे बाहेरचे अंग 1953पासून फायबरचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचे आहे. दाराखालच्या कडेवर जॅक लावला तर ती तडकते. उचलायच्या जागा आत, सांगाड्यातल्या खाचांपाशी असतात. त्या खाचांत बसणारे छोटे ठोकळे, ‘पक’, वेगळे मिळतात. मात्र पक लावला की तेवढी उंची कमी होते. त्यामुळे जमीन ते पकाचा तळ हे अंतर मोजून, त्याहून कमी किमान उंचीचा जॅक घ्यावा.

यावर पहिला आक्षेप असा, की दोन फळ्या टाकून चाके त्यांवर चढवली की साधा जॅकही आत जातो. हे खरे आहे. वर्षातून एकदा तेल बदलणाऱ्याने तेवढेच करावे, वेगळ्या जॅकचा खर्च करू नये. फळी रुंद, जाड आणि न घसरणारी असली म्हणजे झाले. पण वरचेवर चाके काढणाऱ्याला ही खटपट दर वेळी परवडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठ्या टनांचा जॅक रुंद आणि ताठ असतो, म्हणून डगमगत नाही. यातही तथ्य आहे. पण मग पाहायची ती रुंदी आणि ताठपणा, टनांचा आकडा नव्हे. चांगला दोन टनी लो प्रोफाइल जॅक भारासाठी पुरेसा असतो. तीन टनी जॅक घ्यावा तो लांब भुजा त्याच मापात मिळते म्हणून, आणि उचलून ठेवायची ताकद असेल तर.

सुरक्षिततेसाठी मोठा जॅक, हा तिसरा युक्तिवाद मात्र मुळातच चुकतो. जॅकमधले तेल रबरी सीलने अडवलेले असते. सील फाटले किंवा झडपेत कचरा अडकला, की तीन टनी जॅकही दीड टनी जॅकइतक्याच सहज खाली बसतो. जॅकचे काम उचलणे. धरून ठेवणे घोडीचे. घोडीही डोळे झाकून घेऊ नये. अमेरिकेतल्या एका मोठ्या विक्रेत्याला 2020 साली लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण दातांत अडकणारी कडी भाराखाली सुटू शकत होती.

तेव्हा बाजारात जाण्याआधी टेप काढावी आणि चार मापे लिहावीत: नाकाखालची उंची, नाकापासून उचलायच्या जागेचे अंतर, त्या जागेची जमिनीपासून उंची, आणि घोडीची किमान उंची. या चार मापांत बसणारा, दीड टनांचा किंवा त्याहून मोठा कुठलाही चांगला जॅक चालेल. पैसे कमी पडत असतील तर जॅक स्वस्तातला घ्यावा, घोड्या नाही. आणि त्या गाडीखाली लागल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये.