दोन कानांतील सूर आणि स्वयंसंमोहन

ग्वाल्हेर ही तंबोऱ्याच्या नादावर वाढलेली नगरी. १९१८ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून येथील घराघरांत ख्यालगायनाची तालीम चालत असे. तंबोरा जुळविताना जोडाच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या, की नादात एक संथ हेलकावा उमटतो. तारा पुऱ्या जुळताच तो नाहीसा होतो. पदार्थविज्ञानात त्याला ‘विस्पंद’ म्हणतात. एका तारेची कंपने सेकंदाला २०० आणि दुसरीची २०२ असली, तर नाद सेकंदात दोनदा चढतो व उतरतो.

हे दोन स्वर हवेत एकत्र येऊच दिले नाहीत, एक केवळ उजव्या आणि दुसरा केवळ डाव्या कानात सोडला, तर काय होईल? नवल असे, की तरीही हेलकावा ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोव्हे या जर्मन शास्त्रज्ञाच्या हे ध्यानी आले. हा विस्पंद हवेत नसतो. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या तळाशी जेथे मिळतात, तेथे तो उपजतो. म्हणूनच त्यासाठी हेडफोन लागतो. स्वर फार उंच झाले किंवा त्यांतील अंतर सुमारे तीस कंपनांपलीकडे गेले, की तो ओसरतो.

आज मोबाइलवर मिळणाऱ्या स्वयंसंमोहनाच्या ध्वनिमुद्रणांतून हे ‘बायनॉरल बीट्स’ पुष्कळदा पार्श्वभूमीला घातलेले असतात. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची विद्युत्लहर आढळते. तेव्हा कानांत १० चा विस्पंद सोडला की मेंदूही तोच ठेका धरील, अशी त्यामागील कल्पना. कल्पना मोहक खरी. पुरावा मात्र डळमळीत. २०२३ साली अशा १४ अभ्यासांचा एकत्र परामर्श घेतला गेला, तेव्हा पाच अनुकूल, आठ प्रतिकूल आणि एक संमिश्र ठरला.

मग काहींना या ध्वनिमुद्रणांनी शांतता लाभते, ती कोठून? त्याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी एका गोमंतकीयाने दिले आहे. १७५६ साली कांदोळी येथे जन्मलेले आबे फारिया यांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखविले. प्रयोगकर्त्याच्या अंगातून एखादा चुंबकीय प्रवाह वाहतो, ही त्या काळची समजूत त्यांनी नाकारली. सामर्थ्य संमोहित होणाऱ्याच्याच मनात, त्याच्या एकाग्रतेत आणि सूचनेच्या स्वीकारात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ध्वनिमुद्रणातील प्रास्ताविक सूचनांचे कार्य हेच. श्वासाकडे लक्ष वेधणे, एकेक अवयव सैल सोडावयास सांगणे, उलटे आकडे मोजणे, मग इष्ट सूचना देणे आणि शेवटी सुलटे आकडे मोजून पूर्ण जागे करणे, असा त्यांचा क्रम असतो. ऐकणाऱ्याची संमती नसेल, तर कोणताही सूर हे काम करू शकत नाही.

वाहन चालविताना अशी मुद्रणे ऐकू नयेत. अपस्माराचा किंवा गंभीर मनोविकाराचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निद्रानाशाने गांजलेल्याने तर केवळ या गुंजारवाच्या भरवशावर चालू औषध मुळीच सोडू नये. तंबोरा सुराला आधार देतो. गावे मात्र गवयालाच लागते.