पलटण सुटली, पुढे काय?

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या मोठ्या गावात जाऊन "मेजर कुठे राहतात हो?" असे विचारून पाहा. उत्तराऐवजी उलट प्रश्न येतो, "कोणते मेजर?" पलटणीतून परतलेला प्रत्येक गडी तिकडे मेजरच असतो, मग तो नाईक म्हणून परतलेला असो की सुभेदार म्हणून! साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसे पलटणीत जातात, आणि जी सुखरूप राहतात ती एक दिवस काळी ट्रंक आणि बिस्तरा घेऊन घरी परततात.

त्या दिवशी या मेजरांचे वय काय असते, याचा विचार आपण शहरातली माणसे सहसा करीत नाही. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती, पेन्शनला पात्र होण्यासाठी १५ वर्षांची नोकरी, वर आणखी दोनचार वर्षे. म्हणजे पुष्कळसे जवान पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान 'पेन्शनला येतात'. तिन्ही दलांतून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसे अशी बाहेर पडतात. आपल्याकडे बँकेत किंवा कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाचे या वयात नुकते कुठे बस्तान बसत असते. घराच्या कर्जाचे हप्ते चालू असतात, मुले शाळेत असतात आणि बढतीकडे डोळे लागलेले असतात. नेमक्या त्याच वयात जवानाची शेवटची परेड होते. अंगात ताकद आहे, डोक्यात अक्कल आहे, पुढे वीस-पंचवीस वर्षांची उमेद आहे. आणि उद्या सकाळी पाच वाजता उठून करायचे काय, हे मात्र ठाऊक नाही!

पेन्शन आहे, मग चिंता कसली, असे कोणी म्हणेल. पेन्शनने चूल पेटते, हे खरे. परंतु धडधाकट माणसाला नुसती चूल पेटून समाधान होत नाही. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, ही जाणीव त्याला भाकरीइतकीच लागते.

फाटकाजवळची खुर्ची

सरकारने काही सोय केलेलीच नाही, असे नव्हे. केंद्र सरकारच्या गट 'क' च्या थेट भरतीत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. महाराष्ट्र शासनाच्या गट 'क' आणि 'ड' मध्ये हे प्रमाण १५ टक्के आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत निवृत्तीच्या आधीच निरनिराळ्या धंद्यांचे वर्ग चालतात, आणि अधिकाऱ्यांना तर व्यवस्थापनशास्त्राच्या नामांकित संस्थांतून अभ्यासक्रम करता येतो. पण राखीव जागा झाली तरी परीक्षा चुकत नाही, आणि पंधरा वर्षे हातातून सुटलेले पुस्तक चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा धरणे सोपे नसते.

मग उरते ती फाटकाजवळची खुर्ची. आपल्या वसाहतीच्या, बँकेच्या किंवा कारखान्याच्या दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याची एकदा सहज विचारपूस करावी. तो लष्करातला निघाला, तर काय ऐकायला मिळेल सांगता येत नाही. एखाद्याने बर्फाच्या रस्त्यावरून ट्रकांचा तांडा चालता ठेवलेला असतो. एखाद्याने शंभर माणसांची रसद महिनोन् महिने बिनचूक पोहोचवलेली असते. आज तो येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींचे नंबर वहीत टिपतो. पहारेकऱ्याच्या कामात कमीपणा मुळीच नाही; प्रामाणिक कामाला कमीपणा कसला? पण ज्याला घड्याळ उघडून जुळवता येते, त्याच्याकडून आपण नुसती किल्ली फिरवून घ्यावी, त्यातला हा प्रकार आहे. यात त्याचे नुकसान आहेच, पण आपले अधिक आहे.

यातून वाट कशी निघते? ज्यांनी ती काढली त्यांच्याकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पलटणीतून माणूस दोन चिजा घेऊन घरी येतो: एक हुद्दा आणि दुसरी सवय. हुद्द्याला गावात सलाम मिळतो, पण बाजारात त्याची कवडी येत नाही. सवयीला कोणी सलाम ठोकत नाही, पण धंद्याचे खरे भांडवल तीच असते. वेळ पाळणे, हत्यार जागच्या जागी ठेवणे, आपल्या आधी हाताखालच्या माणसाच्या पोटाची काळजी घेणे, एक बेत फसला तर दुसरा तयार ठेवणे, या त्या सवयी. हुद्दा ट्रंकेत बंद करून आणि सवय बरोबर घेऊन जो पुन्हा एकदा रंगरूट व्हायला तयार होतो, त्याचा पाय बाहेरच्या जगात रोवला जातो.

राळेगणचा ड्रायव्हर

पहिले उदाहरण घरचेच आहे. किसन बाबूराव हजारे हे लष्करात ट्रक चालवीत. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, भोवतालचे सोबती गेले आणि ते वाचले. वाचलो ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात तिथून घर करून राहिला. १९७५ साली ते लष्करातून मोकळे होऊन पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला परतले. पाऊस बेताचा, विहिरी कोरड्या, दारूच्या भट्ट्या मात्र तेजीत, अशी त्या वेळी गावाची कळा होती.

त्यांनी आरंभ कुठून केला? पाण्यापासून नव्हे आणि भाषणापासूनही नव्हे. गावातल्या यादवबाबांच्या पडक्या मंदिराच्या दुरुस्तीला त्यांनी आपल्या गाठीचा पैसा लावला. हा माणूस आपल्या पदराला खार लावून काम करतो, हे दिसल्यावर तरुण पोरे श्रमदानाला येऊ लागली. पाण्याच्या कामात मात्र अण्णा स्वतः शिकाऊ होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा करणारे विलासराव साळुंखे यांचे काम त्यांनी पाहिले आणि त्यातून धडा घेतला. मग नालाबांध, पाझर तलाव, झाडे लावणे, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर घालणे, अशा क्रमाने विहिरींना पाणी आले आणि बाहेर मजुरीला जाणारे हात शेताकडे वळले.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सुरुवातीच्या काळात दारुड्यांना खांबाला बांधून फटके देण्याचे प्रकार राळेगणात झाले. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. बराकीतली शिस्त गावात जशीच्या तशी रुजत नाही. पलटणीत हुकूम झाला की शंभर पाय एकदम उचलले जातात. गावात आणि बाजारात प्रत्येकाला समजावून सांगावे लागते, आणि पटले नाही तर तो उठून जातो. राळेगणातले पाणी टिकले ते फटक्यांनी नव्हे. खांद्यावर घमेले घेऊन पुढारी स्वतः चरात उतरला, म्हणून ते टिकले.

तंबूतला कॅप्टन

आता शेजारच्या कर्नाटकात, हासन जिल्ह्यात जाऊ. कॅप्टन गोपीनाथ हे विजापूरच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. १९७१ च्या युद्धानंतर काही वर्षांनी, वयाची तिशी गाठण्याआधीच त्यांनी लष्कर सोडले. वडिलोपार्जित शेती हेमावती धरणाच्या पाण्याखाली गेली होती. तिच्या मोबदल्यात मिळालेली जमीन म्हणजे नुसते माळरान! या गृहस्थाने त्या माळावर तंबू ठोकला आणि शेतकऱ्याची उमेदवारी सुरू केली. नारळ लावला, गाई पाळल्या, कोंबड्या पाळल्या, रेशमाचे किडे पाळले. काही साधले, पुष्कळ फसले. जोडीला त्यांनी मोटारसायकलींची एजन्सी घेतली आणि उडुपी पद्धतीचे हॉटेलही चालवून पाहिले. निसर्गाशी जुळते घेणाऱ्या त्यांच्या रेशीमशेतीला १९९६ साली रोलेक्स पारितोषिक मिळाले.

पुढचा भाग वाचकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेलच. लष्करातल्या जुन्या सोबत्याला घेऊन त्यांनी हेलिकॉप्टरे भाड्याने देण्याची कंपनी काढली, आणि २००३ साली 'एअर डेक्कन' ही स्वस्त दराची देशातली पहिली विमान कंपनी उडाली. ज्यांनी जन्मात विमानतळ पाहिला नव्हता अशी माणसे पिशव्या सांभाळीत विमानात बसली. परंतु भाडे स्वस्त आणि खर्च महाग, हे गणित पेलले नाही. २००८ साली ही कंपनी 'किंगफिशर'मध्ये विलीन झाली, आणि २०१२ साली 'किंगफिशर'ही बंद पडली.

मग याला यश म्हणावे की अपयश? आम्हाला वाटते, हा हिशेब असा एका ओळीत मांडता यायचा नाही. स्वस्त विमानप्रवासाची जी वाट त्यांनी पाडली, तिच्यावरून आज लाखो सामान्य माणसे जात-येत आहेत. पण त्यांच्या चरित्रात विमानापेक्षा तंबूच अधिक शिकवून जातो. कॅप्टनचा हुद्दा गोठ्यात चालत नाही. तिथे गाय सांगेल ते ऐकावे लागते!

शून्यापासून पुन्हा

कोणी म्हणेल, ही धडधाकट माणसांची गोष्ट झाली. ज्याचे शरीरच रणांगणावर राहिले त्याने काय करावे? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागातले जवान. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. ज्याने आजवर मुष्टियुद्धाची हौस केली, तो आता पोहणे शिकू लागला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून भारताला त्या स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. आणि पदक घेऊन ते घरी बसले नाहीत. पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करून त्यांनी संसार केला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. सन्मानाची वाट पाहत बसले असते, तर मधली शेहेचाळीस वर्षे कशी गेली असती?

अशा जवानांना हाताला धंदा देण्याचे काम पुण्यात फार जुने आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे खडकीला हलवलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था शंभरी ओलांडूनही चालू आहे. तिच्या मुळाशी असलेला विचार साधा आहे: जखमी सैनिकाला नुसती मदत देऊन भागत नाही, त्याला पुन्हा शिकवावे लागते.

घरच्या मंडळींसाठी

हा प्रश्न आता आणखी तरुण होतो आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत जवानाची मुदत चार वर्षांची. त्या वर्षअखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची ही चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. फार तर चौथा हिस्सा कायम व्हायचा. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये एकरकमी मिळतात, पेन्शन नाही. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा, हातात मोठी रक्कम, आणि भोवती सल्ले देणारे नातलग! चाळिशीच्या सुभेदाराला निदान पेन्शनचा आधार होता. या मुलाला सवयीचाच काय तो आधार.

अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि विशेषतः गृहिणींना दोन शब्द सांगावेसे वाटतात. आलेल्या रकमेला पहिले वर्षभर हात लावू नका. जमीन, गाडी, मेव्हण्याच्या ओळखीचा धंदा, सारे वर्षभर थांबू शकते. ते वर्ष त्याला कोणाच्या तरी हाताखाली काढू द्या. गॅरेज काढायचे असेल तर गॅरेजात, दूध-धंदा करायचा असेल तर डेअरीत. तिथे त्याला 'अरे-तुरे' ऐकावे लागेल, आणि ते त्याला जड जाईल. त्या वेळी "एवढा फौजेत होतास आणि हे काय करतोस?" असे घरातून कोणी म्हणू नये. शेजाऱ्यांचा हा टोमणा तो झेलील. घरच्यांचा झेलणे कठीण.

आणखी एक. तो नसताना सतरा-अठरा वर्षे ज्या बाईने घर चालवले, मनिऑर्डरीच्या पैशांत शेतीचा, शाळेचा आणि दवाखान्याचा हिशेब बसवला, तीही या घरातली एक अनुभवी अधिकारीच आहे. बाजारात उधारी कोण बुडवतो, मजूर कुठला चांगला, सोसायटीचे कर्ज केव्हा फेडायचे, हे तिला तोंडपाठ असते. परतलेल्या मेजरांनी आल्याआल्या घराचा ताबा घेण्याऐवजी थोडे दिवस तिच्या हाताखाली शिकावे. पुन्हा रंगरूट व्हायचेच आहे, तर पहिली भरती घरच्या पलटणीत का होऊ नये?

आणि ज्यांच्या घरात कोणी फौजी नाही अशा आपल्यासारख्यांचे काय? सीमेवरच्या जवानांची आठवण म्हणून आपण दिवाळीत एक पणती जास्त लावतो. ते चांगलेच आहे. पण यंदा जो सीमेवरून परत आला आहे, त्याचीही आठवण ठेवावी. आपल्या कारखान्यात, दुकानात किंवा संस्थेत माणूस नेमायची वेळ येईल, तेव्हा माजी सैनिकाला "कुठल्या हुद्द्यावर होता?" एवढेच विचारून थांबू नये. "तुम्हाला काय काय करता येते?" असे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.