जठर वाचलं, आतड्याचं काय?

गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक लिहून देताना डॉक्टर बहुतेकदा सोबत ॲसिडिटीची गोळीही देतात. सकाळी उपाशीपोटी एक, जेवणानंतर दुसरी, हे आता घरोघरी पाठ झालं आहे. या गोळीने जठराचं रक्षण होतं, यात वाद नाही. पण जठराच्या पुढे सुमारे सहा मीटर लांबीचं लहान आतडं असतं आणि तिथे ही गोळी उपयोगी पडत नाही.

गिळता येणारा कॅमेरा आला आणि हे डोळ्यांना दिसलं. लंडनच्या इंगवार ब्यारनासन यांच्या गटाने ४० निरोगी माणसांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक आणि सोबत ॲसिड कमी करणारं ओमेप्राझोल दिलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन-तृतीयांशांहून अधिक जणांच्या लहान आतड्यात नवी इजा आढळली: कुठे लाली, कुठे सोललेलं अस्तर.

अशी वेदनाशामकं शरीरात प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. दुखणं त्यामुळेच थांबतं, पण आतल्या अस्तराचं संरक्षणही त्यामुळेच कमी होतं. जठरात मग ॲसिड जखम वाढवतं. लहान आतड्यात बहुतांश भागात ॲसिड नसतं, तरी तिथे व्रण होतात. ते कोण करतं?

उत्तराचा धागा १९७७ सालीच मिळाला होता. आंद्रे रॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना इंडोमेथासिन हे याच प्रकारचं वेदनाशामक दिलं. साध्या उंदरांची आतडी व्रणांनी भरली. जंतुविरहित उंदरांना जवळजवळ काही झालं नाही.

जिवाणूंचा यातला वाटा दुहेरी आहे. अस्तर कमकुवत झालं की ते आत शिरतात आणि दाह भडकवतात. दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. यकृत डायक्लोफेनॅकला एक शर्कराम्ल जोडून ते निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू आपल्या विकराने ती जोडणी तोडतात आणि औषध पुन्हा मोकळं होतं. म्हणजे आतड्याच्या अस्तराला तेच औषध पुन्हा पुन्हा सोसावं लागतं. गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं तरी पित्ताची ही वाट बंद होत नाही.

त्यात २०११ साली जॉन वॉलेस यांच्या गटाला उंदरांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ॲसिड कमी करणाऱ्या औषधांनी आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया घटले आणि वेदनाशामकाची इजा उलट वाढली. माणसातही नेमकं असंच होतं, असं यावरून म्हणता येणार नाही. पण ‘सोबत ॲसिडिटीची गोळी आहे, मग काळजी नको’ हा निर्धास्तपणा चुकीचा आहे, हे मला ठामपणे सांगायचं आहे. विशेषतः महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसांच्या बाबतीत. आतड्यातला रक्तस्राव अनेकदा पोट न दुखताच चालू राहतो. हिमोग्लोबिन उतरतं, दम लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. अशा वेळी डॉक्टरांना वेदनाशामकाबद्दल आवर्जून सांगावं. शौच डांबरासारखं काळं झालं तर एक दिवसही थांबू नये. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

उपाय शोधले जात आहेत. आतड्यातच राहणाऱ्या रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाने स्वयंसेवकांमधली इजा कमी झाली. पण संधिवाताच्या रुग्णाला वर्षानुवर्षं प्रतिजैविक कसं देणार? म्हणून जिवाणूंना न मारता फक्त त्यांचं ते विकर अडवणारे रेणू तयार करण्यात आले आहेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या उंदरांची आतडी त्यांनी बऱ्याच अंशी वाचवली.