गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मैदानावर केव्हा उतरावे?

कबड्डी, खो-खो, फुटबॉल या खेळांत धावता धावता एकदम वळावे लागते. अशा वेळी पाय जमिनीवर रोवलेला राहून गुडघा पिळवटला, की आतून 'कट्' असा आवाज येतो. काही तासांतच गुडघा सुजतो आणि पुढे चालताना तो निसटल्यासारखा वाटतो. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटल्याची ही लक्षणे असू शकतात. या अस्थिबंधाला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात.

प्रत्येकालाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. परंतु असे खेळ पुन्हा खेळू इच्छिणाऱ्या तरुणांना ती बहुधा सुचवली जाते. तीत बहुतेक वेळा रुग्णाच्याच पायातील स्नायुबंधाचा तुकडा घेऊन नवा बंध बसवतात. दोन-तीन महिन्यांत दुखणे कमी होते, चालणे सुधारते आणि आपण बरे झालो असे खेळाडूला वाटू लागते. खरा धोका येथेच आहे. बसवलेला बंध सुरुवातीच्या काळात उलट कमजोर होतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तो हळूहळू बळकट होण्यास अनेक महिने लागतात. दुखणे थांबले म्हणजे बंध पक्का झाला, असे मुळीच नव्हे.

मग थांबावे तरी किती? नॉर्वेतील ओस्लो व अमेरिकेतील डेलावेअर येथील फिजिओथेरपिस्टांनी याचा एकत्रित अभ्यास केला. ओस्लोच्या हेगे ग्रिंडेम व सहकाऱ्यांनी २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांवर त्यांनी दोन वर्षे लक्ष ठेवले होते. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत, खेळ एकेक महिना लांबवला तसे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटत गेले. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबल्याने मात्र जास्तीचा फायदा दिसला नाही.

पण केवळ कॅलेंडर पाहून भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावर मारायच्या चार प्रकारच्या उड्यांतही दोन्ही पायांत तेवढेच साम्य हवे. शिवाय गुडघ्याविषयीच्या प्रश्नावलीतही ९० गुण हवेत. या कसोट्यांत न उतरताच खेळू लागलेल्यांपैकी शंभरात सुमारे ३८ जणांना पुन्हा दुखापत झाली. कसोट्या पार केलेल्यांत हे प्रमाण शंभरात पाच-सहा इतकेच होते. अभ्यासातील माणसे थोडी असल्याने हे आकडे तंतोतंत धरू नयेत, पण त्यांचा रोख स्पष्ट आहे.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर पुढील गोष्टी पाळाव्यात. गुडघा पूर्ण सरळ करण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या दिवसांपासूनच करावा. सूज उतरली म्हणून व्यायाम सोडू नये. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे काम महिनोन्‌महिने चालू ठेवावे. उड्यांची चाचणी घरी परस्पर करू नये, ती फिजिओथेरपिस्टसमोरच करावी. आधी सरळ धावणे, मग वळणे, नंतर संघाबरोबर सराव आणि शेवटी सामना, हा क्रम मोडू नये.

प्रशिक्षकांनी व पालकांनीही 'एवढा एक सामना खेळून घे' असा आग्रह धरू नये. स्पर्धा पुढच्या वर्षीही भरतील. दुसऱ्यांदा तुटलेला बंध मात्र पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च आणि पुन्हा तितकीच विश्रांती मागतो.