सिरॅमिक शेगडी आणि आपलीं भांडीं

स्थालीपुलाकन्यायानें एका शितावरून साऱ्या भाताची परीक्षा होते; परंतु खुद्द स्थालीची परीक्षा कशावरून करावी? आमच्या जुन्या गृहिणी ती धातूवरून व वजनावरून करीत. नागपूर-अमरावती रस्त्यावरील आमच्या तळेगांव (श्यामजी पंत) सारख्या गांवांतूनहि आतां मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जातात. तेथील पुष्कळ बिऱ्हाडांत सिरॅमिक कांचेची विजेची शेगडी असते. घरून मायेनें बांधून दिलेली गोल बुडाची कढई तिच्यावर डुगडुगते, आणि कांचेस इजा झाल्यास भुर्दंड भाडेकऱ्यावर येतो. म्हणून पेटी भरण्यापूर्वीं कांहीं गोष्टी ध्यानांत घेणें इष्ट आहे.

ही कांच सामान्य नव्हे. १९५३ सालीं अमेरिकेंत कॉर्निंग कंपनीचे संशोधक डोनाल्ड स्टूकी यांच्या प्रयोगांत भट्टी ठरल्याहून अधिक तापली, आणि त्यांतून कांच-सिरॅमिक हा पदार्थ हातीं आला. शेगडीची कांच याच जातीची. उष्णतेनें ती जवळजवळ प्रसरण पावत नाहीं, म्हणून तापून तडकत नाहीं. तिच्याखालीं विजेची तार लाल होते. चुलीची ज्वाळा भांड्यास चहूंकडून कवटाळते. येथें ज्वाळाच नाहीं. बूड जेवढें कांचेस टेकेल तेवढ्यापुरतीच उष्णता नीट चढते. तात्पर्य, येथें भांड्याची परीक्षा आधीं बुडानें, मग धातूनें.

भांडें उपडें ठेवून बुडावर पट्टी आडवी धरावी. मध्यभागीं कागदाएवढी फट दिसल्यास चिंता नाहीं. तापल्यावर तें सपाट होतें. परंतु मध्य फुगीर असून भांडें फरशीवर गरगर फिरत असेल, तर तें घरींच ठेवावें. बुडाचा व्यास शेगडीवरील वर्तुळाएवढा असावा.

आतां धातु. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पातळ गंज लवकर वांकतो, कांचेवर करडे डाग उठवतो, आणि पाणी आटून कोरडा तापत राहिल्यास वितळून कांचेस चिकटण्याचें भय असतें. पितळी भांड्याची कल्हई कथलाची; कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतें. नुसतें स्टेनलेस स्टील टिकाऊ खरें, पण उष्णता पसरविण्यांत मंद. तांबें त्याच्या सुमारें पंचवीसपट व ॲल्युमिनियम पंधरापट उष्णता वाहून नेतें. म्हणून स्टीलच्या बुडांत ॲल्युमिनियमचा जाड थर बसविलेलें भांडें सर्वोत्तम. लोखंडी तवा जड, सपाट व गुळगुळीत बुडाचा असावा. तो कांचेवरून ओढूं नये, उचलून ठेवावा. फुलका तव्यावरच फडक्यानें दाबून फुगवावा. चुंबक चिकटलाच पाहिजे ही अट इंडक्शनच्या शेगडीची आहे, हिची नव्हे.

शेगडी बंद केल्यावरहि कांच बराच वेळ तापलेली राहते. दूध उतूं जाण्याआधींच भांडें बाजूस घ्यावें. साखरेचा वा गुळाचा पाक सांडल्यास शेगडी बंद करून, तो मऊ आहे तोंच, हात सांभाळून खरवडून काढावा. थंड झाल्यावर तो कांचेचे टवके उडवतो.

एक जाड बुडाचें पातेलें, एक सपाट कढई, एक तवा व एक कुकर, एवढ्यांत लहान संसार सुखानें चालतो. आजीची खोलगट कढई घरींच राहूं द्यावी. दिवाळीस मुलें परततील तेव्हां अनारसे तिच्यांतच तळावे.