उसळत्या विजेचा बंदोबस्त

वैशाख सरत आला, दिवसभर कोंडलेला उकाडा सायंकाळच्या वळवाने फुटू लागला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी टीव्ही-फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात एका विशिष्ट प्रकारची गर्दी सुरू होते. कोणी टीव्ही चादरीत गुंडाळून आणतो, कोणी एसीचे कार्ड पिशवीत घालून आणतो, कोणाच्या हाती वाय-फायचा राउटर असतो. आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, ‘काल रात्री व्होल्टेज वाढलं आणि सगळं उडालं.’ या एका वाक्यात दोन सर्वस्वी भिन्न उत्पात एकत्र झालेले असतात. त्यांचे मूळ निराळे, त्यांचा अवधी निराळा, आणि म्हणून त्यांवरचा इलाजही निराळा; परंतु हा भेद ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही, आणि मग एका दुखण्यावरचे औषध दुसऱ्यावर योजून, पैसे खर्च करूनही, पुढल्या वैशाखात त्याच दुकानाची पायरी पुन्हा चढण्याची पाळी त्याच्यावर येते.

पहिला उत्पात खऱ्या अर्थाने उसळीचा. आकाशातून जमिनीकडे झेपावणाऱ्या विजेच्या लोळात सामान्यतः 30,000 अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो, आणि तो शून्यापासून आपल्या शिखरापर्यंत अवघ्या काही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांच्या हिशेबात, पोचतो. असा लोळ प्रत्यक्ष आपल्याच छपरावर कोसळावा लागतो असे नाही. तो अर्ध्या किलोमीटरवरच्या एखाद्या झाडावर पडला, तरी भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या आकस्मिक बदलामुळे खांबांवरच्या उघड्या तारांत हजारो व्होल्टचा दाब प्रवर्तित होतो आणि तारेच्या वाटेने घरात प्रवेश करतो. आकाश निरभ्र असतानाही, एखाद्या कारखान्याची मोठी मोटार बंद होताना किंवा भारनियमनाची मुदत संपून सबंध फीडर एकाएकी चालू होताना, याच जातीच्या, परंतु लहान उसळ्या वाहिनीवर उमटत असतात. आपल्या घरी येणारा 230 व्होल्टचा दाब हा मुळात प्रत्येक आवर्तनात 325 व्होल्टच्या शिखराला स्पर्श करून परतणारा असतो. घरगुती उपकरणे साधारणपणे 2,500 व्होल्टपर्यंतचा क्षणिक आघात सोसतील अशा बेताने घडवलेली असतात, आणि त्यापलीकडचा आघात झाला की कार्डावरच्या सूक्ष्म घटकांतील केसाहून बारीक थर छेदले जातात. येथे फ्यूज किंवा एमसीबी उपयोगी पडत नाही, यात तिचा कसूर नाही. तिची नेमणूकच तारांतून वाजवीपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्यास तो तोडण्यासाठी झालेली आहे, आणि तिला तुटावयास काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत उसळी येऊन, आपला कार्यभाग उरकून, निघून गेलेली असते.

दुसरा उत्पात आकाशातून येत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या गावांत व जुन्या वस्त्यांत अधिक हानी त्याचीच असते. रोहित्रापासून, म्हणजे ज्याला सर्वजण डीपी म्हणतात तिथपासून, निघणाऱ्या लघुदाब वाहिनीवर तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची अशा तारा असतात. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये 230 व्होल्ट, तर कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. आळीतली घरे या तीन फेजवर वाटून दिलेली असतात आणि न्यूट्रल मात्र सर्वांचा सामाईक असतो. आता हा न्यूट्रल, वाऱ्याने म्हणा, गंजाने म्हणा, किंवा खांबावरच्या एखाद्या ढिल्या जोडामुळे म्हणा, तुटला, तर वीज बंद पडत नाही; निरनिराळ्या फेजवरची दोन घरे एकाच साखळीत गुंफली जातात आणि 400 व्होल्टचा दाब त्या दोघांत वाटला जातो. ही वाटणी समसमान झाली असती तर एक वेळ निभावले असते. पण समजा, एका घरी 2,000 वॉटचा गीझर तापत आहे आणि दुसऱ्या घरी एक टीव्ही व दोन दिवे मिळून 100 वॉटचा भार आहे. साध्या हिशेबाने पाहिले, तर गीझरच्या घराला जेमतेम 19 व्होल्ट मिळतात, आणि ज्याने विजेचा वापर जपून केला त्या दुसऱ्या घराच्या वाट्याला 381 व्होल्ट येतात. प्रत्यक्षात अनेक घरे गुंतलेली असल्यामुळे आकडे सारखे बदलत राहतात, परंतु नियम हाच, की ज्याचा भार कमी त्याच्यावर दाब अधिक.

टीव्हीच्या किंवा चार्जरच्या आत, आलेली वीज प्रथम एका दंडगोल कपॅसिटरात साठवली जाते, आणि त्याच्या अंगावर बहुधा ‘400 व्होल्ट’ किंवा ‘450 व्होल्ट’ अशी मर्यादा छापलेली असते. नित्याच्या पुरवठ्यात तो 325 व्होल्टपर्यंत भरतो. 381 व्होल्टचा पुरवठा आला, की त्याचे शिखर 539 व्होल्टला जाते. कपॅसिटरचे माथे प्रथम फुगते, मग त्यावरच्या खाचांतून फुटते, आणि दुरुस्तीच्या दुकानात मागचे झाकण काढताच करपट वासासह जे दृश्य दिसते, ते हेच. ही अवस्था मायक्रोसेकंद टिकत नाही; लाईनमन येऊन जोड बांधीपर्यंत, प्रसंगी तासभर, चालते. तिची खूण मात्र स्पष्ट असते. घरातले दिवे एकाएकी नेहमीपेक्षा प्रखर होतात, पंखा वेग घेतो, आणि त्याच वेळी शेजाऱ्याकडचे दिवे मिणमिणू लागतात. अशा वेळी कारणमीमांसा करीत न बसता प्रथम मेन स्विच खाली पाडावा, घरातल्या सर्वांना तसे शिकवून ठेवावे, आणि शेजारीपाजारी हाक द्यावी.

आता बाजारात ‘सर्ज प्रोटेक्टर’ या नावाने जे मिळते, त्याच्या अंतरंगाकडे वळू. त्यात बहुतेक वेळा झिंक ऑक्साइडची, निळ्या किंवा पिवळ्या आवरणाची, दोन पायांची एक चपटी चकती असते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधील मात्सुशिता कंपनीच्या प्रयोगशाळेत मिचिओ मात्सुओका आणि त्यांचे सहकारी यांनी हा पदार्थ सिद्ध केला, आणि 1971 साली त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण बिस्मथ आदी ऑक्साइडांच्या अल्पांशासह भट्टीत भाजले, की कणाकणांच्या सीमेवर असे पापुद्रे निर्माण होतात, जे ठराविक दाबापर्यंत विजेला अडवून धरतात आणि तो ओलांडताच एकदम तिला वाट करून देतात. नदीच्या पुराने धरण फुटू नये म्हणून सांडवा जसा बांधलेला असतो, तशी ही चकती उसळीचा अधिक भार बाजूने वळवून लावते. 275 व्होल्टसाठी नेमलेली चकती नित्याच्या पुरवठ्यात स्वस्थ असते, आणि हजारो व्होल्टची उसळी आली असता उपकरणापुढचा दाब सातशे-आठशे व्होल्टच्या आसपास रोखून धरते.

परंतु तिच्या दोन मर्यादा आहेत. प्रत्येक मोठ्या आघातागणिक ती थोडी झिजते. म्हणून दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या स्वस्त पट्टीवरचा दिवा लागतो, एवढ्यावरून आतली चकती शाबूत आहे असे मानणे धोक्याचे आहे. आणि दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. क्षणाचा आघात ती पचवते, परंतु न्यूट्रल तुटून आलेला 381 व्होल्टचा दाब तासभर तिच्यावर राहिला, तर ती सतत वीज वाहू देते, तापते, आणि तिच्यासोबत उष्णतेने तुटणारा फ्यूज जोडलेला नसेल तर पेट घेऊ शकते. म्हणजे ज्या दुखण्याने आपली उपकरणे अधिक मरतात, त्या दुखण्यावर हे औषध नव्हेच. त्यासाठी मुख्य फलकावर, पुरवठा साधारण 270 व्होल्टच्या वर किंवा ठराविक मर्यादेखाली गेल्यास सबंध घर तोडणारे आणि दाब पूर्ववत झाल्यावर थोड्या विलंबाने जोडणारे, ‘ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर’ असे स्वतंत्र साधन बसवावे लागते. फ्रिजचा स्टॅबिलायझर हा तिसराच प्रकार. तो दाबातले हळू चढउतार सावरतो आणि वीज परत आल्यावर कॉम्प्रेसरला काही मिनिटे विसावा देतो. तेवढे काम तो चोख करतो, परंतु त्याच्या रिलेला हालचाल करण्यास लागणाऱ्या वेळात उसळी केव्हाच निघून गेलेली असते.

उसळी रोखणारे मुख्य साधन प्रत्येक टीव्हीमागे नव्हे, तर घराच्या तोंडाशी, मीटरनंतरच्या मुख्य फलकातच हवे. या साधनांचे टाइप 1, 2 आणि 3 असे तीन वर्ग आहेत. इमारतीवर वीजवाहक दांडा बसवलेला असेल तर टाइप 1, सामान्य घराच्या फलकात टाइप 2, आणि नाजूक उपकरणाशेजारी टाइप 3 अशी त्यांची योजना असते; आणि आपल्याकडचा पुरवठा पाहता टाइप 2 घेताना 275 ऐवजी 320 व्होल्टच्या मर्यादेचे घेणे श्रेयस्कर. येथे वायरमनकडून हमखास होणारी हयगय सांगितली पाहिजे. साधनापासून अर्थच्या पट्टीपर्यंतची तार तो फलकात सुबक दिसावी म्हणून कडेकडेने वळसे देत नेतो. विजेचा प्रवाह इतक्या वेगाने वाढत असतो, की सरळ तारेच्या एका मीटरमध्येही सुमारे हजार व्होल्टची भर पडू शकते, आणि उत्तम साधनाची सारी पुण्याई त्या वळशांत खर्ची पडते. फेजपासून अर्थपर्यंतच्या जोडतारा मिळून अर्धा मीटर, याहून लांबी होऊ देऊ नये, असा आग्रह मालकाने स्वतः उभे राहून धरावा.

आणि अर्थिंग. या विषयातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट हीच आहे, आणि तिची अवस्था पाहून मन विषण्ण होते. तीन पिनांचे कितीतरी बोर्ड उघडून पाहिले, तर हिरवी तार मागे कापून गुंडाळून ठेवलेली आढळते; कित्येक ठिकाणी ती तारच नसते. व्हॅरिस्टरचे साधन फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीन वाटा राखत असते. अर्थ नसेल तर त्यांपैकी दोन वाटा जन्मतःच बंद. भारतीय मानकाप्रमाणे तांब्याच्या पत्र्याचे अर्थिंग करावयाचे, तर पत्रा 60 सेंटीमीटर लांब-रुंद आणि 3.15 मिलिमीटर जाड असावा लागतो, आणि तो लोणारी कोळसा व मीठ यांच्या थरांत जमिनीत खोल उभा पुरण्याची चाल आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणावरचा मुरूम आणि कोकणातला जांभा उन्हाळ्यात इतका शुष्क होतो, की विजेला जमिनीत शिरायला वाट उरत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी, भूमी कोरडीठाक असताना, वळीव गर्जत येतो. म्हणून फाल्गुन ते ज्येष्ठ या महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे आणि वर्षातून एकदा मापकाने त्याचा रोध तपासून घ्यावा. संगणकासाठी किंवा डिशसाठी वेगळा खड्डा खणून तो घरच्या अर्थपासून अलग ठेवण्याची पद्धत मात्र घातक आहे. वीज जवळ पडली असता दोन खड्ड्यांमधला दाबाचा फरक त्या उपकरणाच्या पोटातूनच मार्ग काढतो. घरातले सारे अर्थ एकत्र बांधलेले असावेत. आणि न्यूट्रल ढिला झाला म्हणून अर्थिंगवर दिवे चालवणे, किंवा सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडणे, हा तर जिवाशी खेळ आहे, कारण न्यूट्रल तुटताच फ्रिजचे आणि धुलाईयंत्राचे सारे शरीर विजेने भारले जाते.

केबलची तार, डिशची तार, गच्चीवरच्या कॅमेऱ्यांच्या तारा आणि सौर पॅनेलच्या वाहिन्या ही उसळीची आणखी दारे. विशेषतः सौर संचाच्या दोन्ही बाजूंना आपापली साधने हवीत. वीज अगदी जवळ पडली, तर कोणत्याही साधनाची हमी देता येत नाही, आणि तेथे जुना उपाय, म्हणजे प्लग काढून ठेवणे, अजूनही निर्विवाद श्रेष्ठ आहे. फक्त तो गडगडाट डोक्यावर येण्यापूर्वी करावयाचा असतो, कारण त्यानंतर तारांना हात लावणे हेच धोक्याचे. चमक आणि आवाज यांमधल्या दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर अंतर, या हिशेबाने वीज किती दूर आहे ते कळते; पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरचे साधन त्याहूनही अगोदर सूचना देते.

पुरवठ्याचा दाब नेमलेल्या आकड्यापासून लघुदाबात सहा टक्क्यांहून अधिक ढळू नये, असा दंडक 1956 च्या भारतीय वीज नियमांतच होता. 230 व्होल्टला धरून तो 216 ते 244 असा येतो. 2003 च्या वीज कायद्याने सेवेची मानके पाळली न गेल्यास भरपाईची, तसेच ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल यांची तजवीज केली आहे. म्हणून न्यूट्रल तुटून नुकसान झाले, तर केवळ हळहळून गप्प बसू नये. त्याच दिवशी 1912 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा, कार्यालयात लेखी अर्ज देऊन प्रतीवर पोच घ्यावी, त्याच फेजवरच्या शेजाऱ्यांच्या सह्या जोडाव्यात, आणि दुरुस्तीवाल्याकडून उडालेल्या कार्डासह, काय जळाले आणि कशाने, याचा दोन ओळींचा दाखला त्याच्या शिक्क्यासह मागून घ्यावा.