खेळ जुना, दुकानदार एकाकी

वस्तू जुनी झाली की ती अडगळीत जाते आणि फार जुनी झाली की संग्रहालयात जाते. या दोन अवस्थांमधला काळ मोठा कठीण असतो. त्या काळात वस्तूला कोणी वाली मिळाला नाही, तर ती संग्रहालयापर्यंत पोहोचतच नाही. तिची वाट भंगारवाल्याच्या काट्याशीच संपते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत घरोघरी टीव्हीला जोडली गेलेली व्हिडिओ गेमची यंत्रे आज नेमकी अशा मधल्या काळात आहेत. त्यांना वाली म्हणून जो काही उरला आहे, तो म्हणजे जुने खेळ विकणारा, बदलून देणारा आणि दुरुस्त करणारा छोटा स्वतंत्र दुकानदार.

टोकियोच्या अकिहाबारा भागात केवळ जुन्या खेळांना वाहिलेली अनेक मजली दुकाने आहेत आणि ती पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या गावी हा धंदा स्वतंत्र पाटी लावून उभा राहणे अवघड. तो जगतो टीव्ही किंवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या आडोशाने: काचेच्या कपाटाच्या खालच्या खणात, सुटे रिमोट, अडॅप्टर आणि पिवळ्या कॅसेटी यांच्या ढिगात. त्याकडे कोणाचे लक्ष नाही, म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कॅसेटचा जमाना

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र बाजारात आणले. भारतात ते मूळ रूपात फारसे आलेच नाही. आल्या त्या त्याच्या नकला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्याच्या बुधवार पेठेतून त्या गावोगाव पसरल्या. मूळ यंत्रातील अनेक चिपांचे काम काळ्या डांबराच्या ठिपक्यासारख्या एका गोळ्याखाली कोंबलेले, नऊ व्होल्टचा एक अडॅप्टर, टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडायची एक तार आणि ‘९९९९ खेळ एकात’ असे छातीठोक सांगणारी एक कॅसेट, असा तो सरंजाम असे. त्या ९९९९ खेळांत खरे वेगळे खेळ मोजकेच असत आणि बाकीचे तेच ते फिरून येत, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळे. तरीही त्यांचा आनंद उणावत नसे. ‘कार्ट्रिज’ हा शब्द कोणी वापरला नाही. मराठी घरांत ती ‘कॅसेट’च राहिली.

उसाचे बिल हाती आल्यावर किंवा कारखान्याचा दिवाळी बोनस मिळाल्यावर टीव्ही घेणाऱ्या घरांतही खेळाचे यंत्र ही चैनच मानली जाई. ज्यांना ती परवडत नसे, त्यांच्यासाठी तासावर भाडे घेणारी पार्लरे होती. एक-दोन रुपयांत तिथे लाकडी कपाटातले मोठे यंत्र हाती येई. १९९३ साली आलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ हा खेळ तर त्यातील एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच महाराष्ट्रात ओळखला गेला. मूळ नाव पुसून लोकांनी स्वतःचे नाव ठेवावे, एवढी आपुलकी फार थोड्या परदेशी वस्तूंच्या वाट्याला येते.

आकर्षण कशाचे?

आज तिशी-चाळिशीत असलेला नोकरदार त्या कॅसेटचा शोध घेत दुकानाची पायरी चढतो, तेव्हा त्याला निव्वळ बालपणाची ओढ असते, असे म्हणून विषय संपवता येणार नाही. ओढ असते हे खरे. पण त्या खेळांत आजच्या खेळांना नसलेले काही गुणही आहेत. एक म्हणजे ते संपतात. तीन जीव असतात, ते गेले की खेळ आटोपला. आणखी जीव विकत घ्या, असे मध्येच कोणी सांगत नाही. दुसरे म्हणजे दोन खेळणारे एकाच सतरंजीवर, एकाच पडद्यासमोर बसतात. हरणारा आणि जिंकणारा एकमेकांचे चेहरे पाहू शकतात.

तिसरा गुण कारागिरीचा. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आज मोबाईलवरून धाडलेले एखादे छायाचित्रही सहसा त्याहून अधिक जागा खाते. एवढ्याशा जागेत बत्तीस टप्पे, संगीत आणि उडीचा तो अचूक तोल बसवणाऱ्यांची शिस्त पाहिली, की अल्प शब्दांत मोठा आशय मांडणाऱ्या आर्येची आठवण होते. मोरोपंतांच्या बारामतीत तरी हे साम्य कोणास खटकू नये.

अडचणींचा पाढा

आकर्षण असे असूनही हा दुकानदार एकाकी का? पहिली अडचण मालाची. निन्टेन्डोने मूळ यंत्राचे उत्पादन २००३ मध्ये आणि दुरुस्ती २००७ मध्ये थांबवली. नकला बनवणाऱ्यांनी तर सुट्या भागांची जबाबदारी कधी घेतलीच नव्हती. यंत्रातले कपॅसिटर वर्षानुवर्षांत सुकतात, रिमोटच्या तारा आतून तुटतात, कॅसेटच्या पितळी दातांवर काट चढतो. फुंकर मारली की कॅसेट चालते, हा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात फुंकरीतली वाफ त्या दातांना गंजवतच असे. खोडरबर आणि स्पिरिट घेऊन बसणारा दुरुस्तीवालाच तिला पुन्हा जिवंत करू शकतो. या कामाला तास-दीड तास लागतो आणि मजुरी मात्र गिऱ्हाईक शंभर रुपयांच्या वर द्यायला कां-कूं करते.

दुसरी अडचण टीव्हीची. ‘डक हंट’मधली बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यावरच काम करते, कारण पडद्यावर क्षणभर उमटणारा उजेड ती नेमक्या वेळी टिपते. नव्या सपाट पडद्यावर ते गणित बिघडते आणि बंदूक मुकी होते. म्हणजे खेळ सांभाळायचा तर टीव्हीही सांभाळायला हवा. देशात पिक्चर ट्यूबचे उत्पादन थांबले असून महाराष्ट्रातून देशभर पोहोचलेल्या व्हिडिओकॉनसारख्या कंपनीवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. एकेक पिक्चर ट्यूब आता भंगारातून वाचवावी लागते. पुन्हा हे सामान पुण्याहून आणायचे तर बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. इंदापूरकरांची वाट त्याहून लांब. एका चिपेसाठी दिवस मोडायचा, तर त्या दिवसाची कमाई कोठून भरून काढायची?

तिसरी अडचण स्पर्धेची. २०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट आले आणि जुने खेळ मोबाईलवर फुकट चालू लागले. ऑनलाइन बाजारात हजारो खेळ भरलेली काडी एक-दोन हजार रुपयांत घरपोच मिळते. ती सहा महिन्यांत बिघडली, तर गिऱ्हाईक ती घेऊन येते ते गावातल्या दुकानदाराकडेच. विक्रीचा नफा दूरच्या कंपनीला आणि बिघाडाचा ताप शेजारच्या माणसाला, असा हा व्यवहार आहे.

चौथी अडचण प्रतिष्ठेची. व्हिडिओ गेमचे पार्लर म्हटले की जुगाराचा अड्डा, ही समजूत निराधार नव्हती. काही ठिकाणी खेळाच्या नावाखाली पैजा लागत. कर्नाटकातील अशा पार्लरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परवान्याची सक्ती योग्य ठरवली. २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ही पावले आपापल्या जागी ठीक आहेत. परंतु ज्या कॅसेटच्या खेळात पैसा जिंकण्याची सोयच नाही, तो दाखवण्यासाठी दुकानात दोन खुर्च्या मांडणाऱ्याकडेही त्याच संशयाने पाहिले जावे, हा न्याय नव्हे.

नक्कल आणि वारसा

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटी मुळात चोरीच्या नकला होत्या. त्यांचे जतन कशासाठी? संगणकाचा प्रोग्राम १९८४ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत आलेला आहे आणि कर्त्याचा हक्क बुडवणे समर्थनीय ठरत नाही. जो दुकानदार नव्या नकला मूळ म्हणून विकतो, त्याची बाजू कोणी घेऊ नये.

पण या प्रश्नाची दुसरीही बाजू आहे. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने आपल्या दोन यंत्रांसाठीचे ऑनलाइन विक्री केंद्र बंद केले. हक्क ज्यांचे आहेत ते विकत नाहीत आणि जे सांभाळतात त्यांना हक्क नाहीत, अशी ही कोंडी आहे.

चित्रपटांच्या बाबतीत ही चूक आपण एकदा केलेली आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत आपले बहुसंख्य मूकपट नाहीसे झाले होते. त्या काळीही जुनी फिल्म म्हणजे कचरा, असेच शहाणी माणसे समजत. जे वाचले, ते कोणा ना कोणा खाजगी माणसाने पेटाऱ्यात जपून ठेवल्यामुळे. छपाई येण्याआधी पोथ्याही हाताने उतरवलेल्या नकलांमुळेच टिकल्या.

काय करता येईल?

सरकारने जुन्या खेळांच्या दुकानांना अनुदान द्यावे, अशी मागणी करणे हास्यास्पद होईल. मागण्या छोट्या आहेत आणि म्हणूनच शक्य कोटीतल्या आहेत. पैसा जिंकण्याची सोय नसलेल्या जुन्या यंत्रांना परवान्याच्या बाबतीत जुगारी यंत्रांपासून वेगळे काढावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा विचार झाला. त्या विचाराचा लाभ तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यापर्यंत पोहोचला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमचाही समावेश आहे. मात्र कचरा म्हणून वजनावर मोडण्यापूर्वी, दुरुस्त होण्याजोगे यंत्र बाजूला काढण्याची सवय संकलन केंद्रांना लागायला हवी.

गावाच्या पातळीवर तर याहून सोपे उपाय आहेत. बारामतीत शिक्षणसंस्थांची वाण नाही. तेथील किंवा इंदापूरच्या एखाद्या तंत्रशिक्षणाच्या वर्गाने वर्षातून दोन दिवस अशा दुकानदाराला बोलावून सोल्डरिंग आणि पिक्चर ट्यूबचे काम मुलांना दाखवावे. एखाद्या वाचनालयाने एक जुना टीव्ही आणि दोन रिमोट कोपऱ्यात मांडावेत. दुकानदारांनीही मूळ माल कोणता आणि नक्कल कोणती हे चिठ्ठीवर स्वच्छ लिहून द्यावे, कारण त्यांचे खरे भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास. ऑनलाइन बाजाराला तो एका दिवसात कमावता येत नाही.

आजवर या यंत्रांना जिवंत ठेवणारे हात पन्नाशी-साठीला आलेले आहेत. त्यांची मुले त्या खुर्चीवर बसायला तयार नाहीत आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? त्या खुर्चीवरून माणूस उठला की कपाटातल्या कॅसेटी राहतील, यंत्रेही राहतील. ती चालू कशी करायची, हे सांगणारा मात्र कोणी राहणार नाही. संग्रहालये पुढे केव्हाही बांधता येतील. त्या माणसाकडून शिकून घ्यायला हाती उरलेली वर्षे मात्र थोडीच आहेत.